गुणतक्त्यापासून टाचणापर्यंत

शिक्षणशास्त्रात संशोधन करायचं ठरवलेल्या मुलामुलींना विषय विचारा. 'अमुक तालुक्यातील इयत्ता पाचवीच्या विद्यार्थ्यांच्या गणितातील संपादणुकीचा अभ्यास' हे उत्तर हमखास ऐकू येतं. पुढे काय होणार तेही साधारण ठरलेलं असतं. दोनशे मुलांची चाचणी, मुलगे आणि मुली वेगळे, शहरी आणि ग्रामीण वेगळे, टी-चाचणी, शून्य परिकल्पनेचा त्याग की स्वीकार. शेवटच्या प्रकरणात शिफारस येते की शिक्षकांनी शैक्षणिक साधनांचा अधिक वापर करावा. प्रबंध ग्रंथालयात जातो. ज्यांच्या वर्गात चाचणी घेतली त्या बाईंना सोमवारच्या टाचणात काय बदलायचं, हे मात्र त्यातून कळत नाही.

ज्यांनी डी.एड. किंवा बी.एड. केलेलं नाही त्यांच्यासाठी: टाचण म्हणजे शिक्षक तासाआधी लिहितात ती पाठाची छोटी तयारी. गुणतक्ता आणि टाचण यांच्या मधे काय घडतं, किंवा का घडत नाही, हा आजचा विषय. संशोधनाला सगळ्यात जास्त वाव याच जागी आहे असं माझं मत आहे, आणि आराखडे मात्र इथपर्यंत क्वचितच येतात.

एका वजाबाकीपासून सुरुवात करू. उदाहरण कल्पित आहे, पण कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत करून बघता येईल. समजा, चौथीच्या वर्गात २८ मुलं आहेत आणि प्रश्न आहे ५२ वजा १७. १२ मुलांचं उत्तर ३५, म्हणजे बरोबर. ९ मुलांनी ४५ लिहिलं. तिघांनी ६९ लिहिलं, म्हणजे बेरीज केली. चौघांनी जागा कोरी ठेवली. गुणतक्त्यात याचं काय होतं? बाराजणांना एक गुण, सोळाजणांना शून्य. ४५ वाला, ६९ वाला आणि कोरा कागद देणारा हे तिघेही एकाच शून्यात जाऊन बसतात. तिघांना शिकवायच्या गोष्टी मात्र पूर्ण वेगळ्या आहेत.

आता ते ४५ जरा नीट बघा. एक मूल असं करतं: एककात २ मधून ७ जात नाहीत, मग ७ मधून २ काढू, ५. दशकात ५ मधून १ गेला, ४. उत्तर ४५. दुसरं मूल दशक सुटा करतं, १२ मधून ७ काढतं, ५ लिहितं, पण दशकाच्या घरातला एक कमी करायचं विसरतं. त्याचंही उत्तर ४५! पहिल्याला वजाबाकी म्हणजे काय इथूनच अडचण आहे. त्याच्यापुढे काड्यांचे गठ्ठे ठेवावे लागतील. दुसऱ्याला कल्पना कळली आहे, लिहिण्याची एक पायरी सुटते आहे. त्याला परत गठ्ठे दिले तर तो कंटाळेल. उत्तर सारखं असल्यामुळे हा फरक तुमच्या माहितीत कधीच दिसणार नाही. तुम्ही एक्सेलमध्ये कितीही विश्लेषण केलंत तरी.

प्रश्न बदलून ५४ वजा १७ केला तर? बरोबर उत्तर ३७. पहिल्या प्रकारच्या मुलाचं ४३ येईल, दुसऱ्याचं ४७. फक्त एक आकडा बदलला आणि तीच चाचणी वेगळं बोलायला लागली. ५२ आणि १७ मध्ये एककांचा फरक नेमका पाच आहे, म्हणून दोन्ही चुका एकाच ठिकाणी पोचत होत्या. वजाबाकीतल्या अशा 'नियमबद्ध' चुकांवर ब्राउन आणि बर्टन या अमेरिकी संशोधकांचा १९७८ चा प्रसिद्ध लेख आहे. मूल वाटेल तसं चुकत नाही, एखादा चुकीचा नियम इमानदारीने पाळतं, हा त्याचा गाभा. चाचणी तयार करताना काठिण्यमूल्य आणि भेददर्शकता काढायला आपण शिकतो. प्रत्येक चुकीचं उत्तर कुठल्या विचारातून येईल, हे आधीच कागदावर लिहून ठेवायला मात्र फारसं कुणी शिकवत नाही. ते लिहा. तुमच्या आराखड्यातलं ते सगळ्यात उपयोगी पान ठरेल.

फलटणची बोली आणि 'चुकीचं' वाचन

गणितात चुकीचं उत्तर निदान चुकीचं तरी असतं. भाषेत तेवढंही ठरलेलं नसतं. त्यासाठी फलटणला येऊ या.

डॉ. मॅक्सीन बर्नसन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. साठच्या दशकात ही अमेरिकी भाषाभ्यासक फलटणला आली. फलटणच्या बोलीत माणसामाणसांत कसे फरक पडतात, या विषयावरचा तिचा प्रबंध १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने स्वीकारला. प्रबंध झाल्यावर गावाकडे पाठ फिरवणारे संशोधक खूप असतात. या बाई फलटणलाच राहिल्या. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली, पुढे कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा. वाचता न येणाऱ्या मुलांना वाचायला शिकवणं हा या कामाचा कणा राहिला. 'असर' सुरू होण्याच्या आधी पश्चिम महाराष्ट्रातल्या तिसरीच्या मुलांना खरोखर किती लिहिता-वाचता येतं, याचा अभ्यासही बर्नसन यांनी केला आणि फलटणहूनच तो प्रसिद्ध झाला. पायाच ढासळला आहे, हे त्याच्या शीर्षकातच सांगितलेलं होतं.

बोलीचा अभ्यास आणि वाचनाचं काम एकाच व्यक्तीकडे असणं हा योगायोग असेल, पण मूल्यमापनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा. बघा: परिच्छेदात आहे 'आईनं पाणी आणलं'. मूल वाचतं 'आईनं पानी आनलं'. चाचणी घेणाऱ्याने शब्दागणिक चुका मोजल्या तर तीन शब्दांत दोन चुका. मूल 'शब्द' पातळीलाही नापास. प्रत्यक्षात त्याने प्रत्येक अक्षर ओळखलं, अर्थ लावला आणि घरी बोलतो तसं म्हटलं. वाचन उत्तम झालं आहे. शेजारचा मुलगा 'पाणी' ऐवजी 'पाने' वाचतो. त्याने पहिलं अक्षर बघून अंदाज ठोकला. एक चूक, पण खरी. आणि तिसरी मुलगी वाचते बरोबर, लिहिताना 'पानी' लिहिते. तिचा प्रश्न शुद्धलेखनाचा, आणि तो सावकाश सुटतो.

तुमच्या निकषात या तिघांना वेगळं ठेवलेलं नसेल, तर तुम्ही वाचनाच्या नावाखाली घरची बोली मोजताय. मग विश्लेषणात 'अमुक समाजगटातील विद्यार्थ्यांचे वाचन सरासरीपेक्षा लक्षणीय कमी' असा निष्कर्ष ०.०१ पातळीवर सार्थ निघेल आणि तो साफ खोटा असेल. त्याची किंमत ज्या मुलांनी मोजायची ती मुलं तुमचा प्रबंध वाचणार नाहीत. म्हणून पथदर्शी चाचणीत दहा-पंधरा मुलांचं वाचन रेकॉर्ड करा आणि त्याच भागातल्या एखाद्या शिक्षकाबरोबर बसून ऐका. पालकांची संमती घेऊनच, अर्थात.

मोजलं म्हणून शिकवणं बदलतं का?

आपल्याकडे मोजमापाची कमतरता नाही. २०१० मध्ये शिक्षण हक्क कायदा लागू झाला, त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक आणि संकलित हे शब्द तेव्हापासून प्रत्येक शिक्षकखोलीत रुळले. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के, वर जाताना कमी होत सातवी-आठवीला ४०. २२ जून २०१५ च्या निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झालं आणि त्यासोबत पायाभूत चाचण्या. अलीकडे नियतकालिक मूल्यांकन चाचणी आली. शिवाय राष्ट्रीय पातळीवर संपादणूक सर्वेक्षण, जे ४ डिसेंबर २०२४ ला 'परख'च्या नावाने तिसरी, सहावी आणि नववीसाठी झालं. आणि शाळेबाहेर, घरोघरी जाऊन होणारं 'असर'.

यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते, इकडे जरा लक्ष द्या. 'असर' एका जिल्ह्यात ३० गावं आणि प्रत्येक गावात २० घरं घेतं. त्यातून सातारा जिल्ह्याबद्दल बोलता येतं. फलटण तालुक्याबद्दल बोलता येत नाही, एखाद्या शाळेबद्दल तर नाहीच. तरीही आराखड्यांच्या प्रस्तावनेत राज्याची टक्केवारी देऊन पुढच्याच वाक्यात 'म्हणून या तालुक्यातील शाळांमध्ये…' अशी उडी मारलेली असते. परीक्षक इथेच पकडतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

पण मूळ प्रश्न वेगळा आहे. शिक्षकाच्या हातात माहिती दिली तर शिकवणं सुधारतं का? यावर भारतातच चांगली संशोधनं झाली आहेत आणि त्यांचं उत्तर आपल्याला फारसं आवडणारं नाही.

आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शाळांना मुलांच्या चाचणीचे तपशीलवार निदान-अहवाल दिले. कोण कुठे कमी पडतं, कसं सुधारता येईल, सगळं. मधूनमधून वर्गनिरीक्षणही केलं. त्यांचा लेख २०१० चा. निरीक्षक वर्गात असताना या शाळांतले शिक्षक जास्त मेहनत घेताना दिसले. वर्षाअखेरीस मुलांच्या गुणांत मात्र इतर शाळांपेक्षा काही फरक नव्हता. हरियाणात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचीच अशी पारख झाली. बेरी आणि सहकाऱ्यांचा लेख २०२० मध्ये आला. मूल्यमापनाचं प्रशिक्षण आणि साहित्य मिळालेल्या शाळांत मुलांच्या शिकण्यावर परिणाम दिसला नाही. त्याच अभ्यासात दुसरा एक उपक्रम होता. त्यात रोज ठरावीक वेळ मुलांचे इयत्तेप्रमाणे नव्हे, वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करून शिकवत. तिथे हिंदी वाचन सुधारलं.

या दुसऱ्या उपक्रमाचं मूळ आपल्याकडचंच आहे. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम'ने मुंबई आणि वडोदऱ्यात बालसखी कार्यक्रम चालवला. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी वेगळं बसवून शिकवायची. बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या लेखात पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाइतकी वाढ नोंदवली आहे.

तर हे दोन प्रकार शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे मुलांची पातळी तपासली जाते. एकीकडे तपासणीनंतर एक तक्ता भरला जातो. दुसरीकडे तपासणीनंतर मूल उठून दुसऱ्या गटात जाऊन बसतं. माझं वाचन असं की फरक चाचणीच्या दर्जात कमी आणि वेळापत्रकात जास्त आहे. माहितीवर काही करायला रोजचा एक तास राखलेला आहे की नाही, हा चल आपल्या संशोधनात सहसा नसतोच. शिक्षकाची 'अभिवृत्ती' मोजायची प्रश्नावली मात्र असते, पाच बिंदूंची!

महाराष्ट्रातलं एक ओळखीचं उदाहरण देते. आकारिक मूल्यमापनात शिक्षकाने प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी करायच्या असतात. कल्पना सुंदर आहे. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगात नुसता लेखी अभिप्राय मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली, आणि अभिप्रायासोबत गुणही मिळालेल्यांची सुधारली नाही. मुलं गुण बघतात आणि वही मिटतात. म्हणजे नोंदींमध्ये ताकद आहे. पण झालं काय, तर तयार नोंदींच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागल्या. 'स्पष्ट उच्चारात वाचन करतो', 'गृहपाठ वेळेवर पूर्ण करतो'. वर्षाअखेरीला त्या उतरवून काढायच्या. यात शिक्षकांना हसण्यासारखं काही नाही. ज्या नोंदीचा पुढे कुणी उपयोग करणार नाही हे माहीत आहे, ती चाळीस मुलांसाठी मनापासून कोण लिहील? तुमच्या संशोधनासाठी मात्र यात धोक्याची सूचना आहे. दुय्यम माहिती म्हणून या नोंदवह्या घ्यायचा विचार असेल, तर आधी एका वर्गाच्या सगळ्या नोंदी वाचून किती वेगवेगळी वाक्यं आहेत ती मोजा.

चूक कुणाची, मुलाची की पुस्तकाची?

आता अभ्यासक्रमाचं नियोजन. इथे एक साधा कानमंत्र आहे: तीच चूक किती दूरवर पसरलेली आहे ते बघायचं. वर्गातल्या दोन-चार मुलांत असेल तर त्या मुलांजवळ बसावं लागेल. एका शाळेत असेल आणि शेजारच्या शाळेत नसेल तर शिकवण्याची पद्धत किंवा वेळ तपासावी लागेल. आणि केंद्रातल्या झाडून सगळ्या शाळांत असेल तर शिक्षकांना प्रशिक्षणाला बोलावून उपयोग नाही, घटकांचा क्रम किंवा पुस्तकच बघायला हवं. बहुस्तरीय विश्लेषण म्हणून तुम्ही संख्याशास्त्रात जे शिकता ते याचंच औपचारिक रूप.

मराठीत याचं झकास उदाहरण म्हणजे संख्यावाचन. 'बेचाळीस' म्हटलं की कानावर आधी दोन येतो, मग चाळीस. ऐकलं त्या क्रमाने लिहिणारं मूल २४ लिहितं. 'एकोणतीस'मध्ये तीस ऐकू येतो, म्हणून ३९ लिहिलं जातं. ही चूक सातारच्या मुलाची तशी सांगलीच्या आणि पुण्याच्याही मुलाची, कारण ती भाषेच्या रचनेतून येते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत आली. डॉ. मंगला नारळीकर गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. वर्तमानपत्रं, विनोद, विधिमंडळ, सगळीकडे मराठीच्या अस्मितेवर चर्चा रंगली.

मला त्या वादात कुठली बाजू घ्यायची नाही. पण संशोधक म्हणून विचारा: दुसरीतली किती मुलं अंकांची अदलाबदल करतात? ती तिसरीत किती उरतात, चौथीत किती? 'चाळीस दोन' शिकलेल्या मुलाला बाजारात 'बेचाळीस रुपये' ऐकल्यावर ४२ लिहिता येतं का? हे प्रश्न एका केंद्रातल्या शाळांत, श्रुतलेखनासारख्या दहा मिनिटांच्या चाचणीने, दोन वर्षं मागोवा घेऊन तपासता येतात. विषय शोधत असाल तर हा घ्या, माझी हरकत नाही.

एक सावधगिरी. ज्या आकड्यावर शाळेची प्रतिष्ठा ठरते तो आकडा निदानासाठी निकामी होत जातो. डोनाल्ड कॅम्पबेल यांनी सत्तरच्या दशकात हे मांडलं, आणि शाळा 'प्रगत' घोषित करण्याच्या काळात आपण त्याची चव घेतली. दुसरी गंमत अनुकरणाची. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटातल्या शाळांचं काम बघायला राज्यभरातून शिक्षक येत. जमिनीवर रंगवलेल्या आकृत्या नेणं सोपं, म्हणून त्या राज्यभर गेल्या. कुठलं मूल कुठे आहे याचं शिक्षकाला रोज असलेलं भान तसं फोटोत मावत नाही.

क्षेत्रकार्याला निघण्याआधी

फलटणमध्ये काम करणार असाल तर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे सातारा जिल्ह्याचं डाएट, फलटणलाच आहे. आधी तिथे जा. शाळेत चाचणी घ्यायला शिक्षणाधिकाऱ्यांची (प्राथमिक) लेखी परवानगी लागेल.

चाचणीची तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला येते. त्या आठवड्यातल्या हजेरीवर पायाभूत चाचणी आखू नका.

त्याहून गंभीर गोष्ट उसाची. दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू झाले की या पट्ट्यात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, मुलांसकट. गाळप संपलं की परत जातात. ही मुलं तुमच्या जूनच्या चाचणीत नसतात आणि एप्रिलच्याही नसतात. गावी त्यांचं नाव एका शाळेच्या पटावर, इथे दुसऱ्या. शिक्षण हमी पत्रक याच मुलांसाठी आहे. त्यावर मूल कुठल्या घटकापर्यंत आलं हे असेल तर इथल्या शिक्षकाला कामाचं, नसेल तर नुसता दाखला. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी दोन्ही दिलेलीच मुलं विश्लेषणात घ्यायची, हा आपला नेहमीचा रिवाज. त्याने एसपीएसएस खूश होतं आणि ज्यांची सगळ्यात जास्त काळजी करायची ती मुलं एका ओळीत गळून जातात. निदान ती किती होती, कोणत्या महिन्यात आली, कोणत्या गेली, हे प्रबंधात वेगळ्या तक्त्यात द्या. शक्य असेल तर डिसेंबरमध्ये एक फेरी त्यांच्यासाठीच ठेवा.

आणि चाचणी झाल्यावर आठ दिवसांच्या आत वर्गशिक्षकांना एक पान परत द्या. त्यावर सरासरी नको, क्रमांक नको. कोणत्या तीन चुका सगळ्यात जास्त झाल्या, त्या प्रत्येक चुकीत कोणती मुलं आहेत, एवढंच. मग पुढच्या सोमवारी टाचणवही बघायची परवानगी मागा. तिथे काय बदललं आणि काय बदललं नाही, ही तुमची खरी माहिती.